पाण्यातले बियाणे

वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या आटलेल्या नाल्याच्या काठी उभे राहावे, म्हणजे काळ्या मातीचे खरे रूप दृष्टीस पडते. पावसाळ्यात जी माती लोण्यासारखी मऊ होऊन पायांना चिकटत होती, तीच आता दगडासारखी टणक होऊन जागोजागी भेगाळलेली असते. अशा भेगाळलेल्या मातीत मासे आपला वंश राखून ठेवतात असे कोणी सांगितले, तर ऐकणारा हसेल. यवतमाळच्या मातीत तसे घडत नाही हे खरे. परंतु आफ्रिका खंडातील मोझांबिक व झिंबाब्वे या देशांत अशाच काळ्या, चिकण व उन्हाने फाटणाऱ्या मातीवर पावसाळी डबकी साचतात आणि तेथे हा चमत्कार दरवर्षी घडतो.

त्या डबक्यांत राहणाऱ्या माशांना शास्त्रज्ञ नोथोब्रँकियस असे म्हणतात. किलीफिश या मोठ्या समूहातील हे मासे होत. नाव ऐकून कोणी बिचकण्याचे कारण नाही. ‘किल’ या डच शब्दाचा अर्थ ओढा असा आहे. इंग्रजीतील ठार मारण्याशी त्याचा काहीएक संबंध नाही. हा मासा जेमतेम दोन इंचांचा. नर तांबड्या-निळ्या रंगांनी झळकणारा, तर मादी साधी, करड्या रंगाची. पाणी असेतोवर मादी चिखलात अंडी घालीत राहते. पुढे डबके आटते व सारे मासे मरून जातात. पण अंडी मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात. अंड्यातील जीव आपली वाढ मध्येच थांबवतो आणि पावसाची वाट पाहतो. पहिल्याच पावसाने सगळी अंडी फुटतात असेही नाही. काही मागे राहतात. पहिला पाऊस फसवा निघालाच, तर दुबार पेरणीसाठी थोडे बियाणे हाताशी ठेवणाऱ्या शेतकऱ्याचेच हे शहाणपण होय. यांपैकी फुर्झेरी नावाच्या जातीचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर अवघ्या १४ दिवसांत अंडी घालण्याइतके मोठे होऊ शकते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

भारतात एवढ्या अल्पायुषी किलीफिशची नोंद नाही. मात्र या समूहातील दुसरे मासे येथे आहेत. त्यांपैकी अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस या पट्टेरी माशाचे शास्त्रीय वर्णन १८४६ साली झाले, ते मुंबईहून नेलेल्या नमुन्यांवरून. कोकणातील व सह्याद्रीतील संथ पाण्यात तो पृष्ठभागालगत पोहत असतो. त्याच्या कपाळावर एक ठिपका चकाकतो. या गणातील माशांना मलयाळी भाषेत आभाळाकडे डोळे लावणारा अशा अर्थाचे नाव आहे. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाद्य. एवढे गुण घरच्याच माशात असताना त्याचे नावही बहुतेकांना ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

असे दुर्मिळ मासे घरी काचपात्रात पाळावेत काय, या प्रश्नावर मतभेद आहेत. काही जण म्हणतात, जिवंत प्राण्याला काचेत कोंडणे हीच मुळी निर्दयता आहे. दुसरे म्हणतात, जेथे उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेथे ही हौस शोभत नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. केवळ दिवाणखान्याची शोभा म्हणून मासे आणायचे, ते मेले की दुसरे आणायचे, असा व्यवहार असेल, तर तो निंद्यच मानला पाहिजे. परंतु माशांची नीट पैदास करून त्यांचा वंश राखणे ही गोष्ट निराळी आहे. तिचे मोल काय, हे मेक्सिको देशातील एका झऱ्याच्या कहाणीवरून कळते.

त्या देशात एल पोतोसी नावाच्या ठिकाणी एक झरा होता. जगात इतरत्र कोठेही नसलेले दोन लहान किलीफिश त्यात राहत असत. एकाचे नाव मेगुप्सिलॉन, तर दुसऱ्याचे अल्वारेझी. शेतीसाठी भूगर्भातील पाण्याचा बेसुमार उपसा झाला आणि झरा आटत गेला. बाहेरून आणून सोडलेल्या मोठ्या माशांनी उरल्यासुरल्यांना खाल्ले. १९९४ च्या सुमारास मेगुप्सिलॉन निसर्गातून नाहीसा झाला. दोन्ही जातींचे थोडे मासे तत्पूर्वीच काचपात्रांत नेण्यात आले होते. अल्वारेझीची पैदास होत राहिली आणि तो आजही काचपात्रांत का होईना, जिवंत आहे. मेगुप्सिलॉनची संख्या मात्र घटत गेली आणि २०१४ साली त्याचा शेवटचा मासा काचेआडच मेला. एकाच झऱ्यातील दोन भावंडे. एक उरले, दुसरे कायमचे गेले. नुसते पाळणे पुरेसे नसते, पिढीमागून पिढी वाढवणे हेच खरे राखणे होय, हा या कहाणीचा बोध आहे.

हे काम मोठ्या संस्थांनीच करावे असे नाही. झिंबाब्वेतील गोनारेझू येथून १९७० च्या सुमारास आणलेल्या फुर्झेरी माशांचा वंश हौशी माणसांनी आपापल्या घरी अनेक वर्षे टिकवला. पुढे शास्त्रज्ञांनी तोच वंश तपासला. या माशाचे आयुष्य अवघ्या तीन महिन्यांचे, असे २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि म्हातारपण का येते याचा शोध घेण्यासाठी प्रयोगशाळांतून त्याचा उपयोग होऊ लागला. घरातील एका कोपऱ्यात कोणी निगुतीने जपलेली वस्तू जगाच्या उपयोगी पडली, ती अशी.

मात्र अशी निगा राखणाऱ्याच्या अंगी शिस्त हवी. अंडी काथ्याच्या दमट भुशात ठेवली, तर ती टपालानेही दूरच्या गावी पाठवता येतात. पण कोणती जात, कोणत्या ठिकाणची, अंडी केव्हाची, हे पाकिटावर स्पष्ट लिहिलेले असावे. दोन ठिकाणांचे मासे एकमेकांत मिसळू नयेत. मिसळले, की बियाण्याची भेसळ झाली. शिवाय एकाच घरात सगळा वंश ठेवणे धोक्याचे. तो चार घरी वाटून ठेवावा. एका घरची टाकी फुटली किंवा रोग पडला, तरी दुसऱ्या घरी बी शिल्लक राहते.

यवतमाळच्या मुलांनी आरंभ आपल्या देशातील पट्टेरी माशापासूनच करावा. त्यास फार पाणी लागत नाही. बदललेले पाणी तुळशीला किंवा परसातील झाडांना घालता येते. पारा चाळिशीपार जातो तेव्हा पात्र सावलीत ठेवावे व त्याभोवती ओले फडके गुंडाळावे. नळाच्या पाण्यात औषध असते, म्हणून ते शिळे करून वापरावे. मासा उडी मारतो, म्हणून झाकण हवेच. पाणवनस्पतींना चिकटलेली अंडी निराळ्या भांड्यात काढावीत. सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले निघतात. ती मोठ्या माशांपासून दूर ठेवली नाहीत, तर मोठे मासे त्यांना खाऊन टाकतात.

आणखी एक पथ्य सर्वांत महत्त्वाचे. पाळलेला मासा कधीही नदीत वा तळ्यात सोडू नये. डासांच्या नाशासाठी गंबुशिया नावाचा परदेशी मासा १९२८ साली भारतात आणला गेला. हेतू चांगला होता. पण हा मासा जेथे जेथे पसरला, तेथे तेथे स्थानिक माशांची अंडी व पिल्लेही खाऊ लागला. कंटाळा आला म्हणून पैनगंगेत चार मासे सोडणे हे दयेचे काम वाटेल, परंतु ते नदीतील जीवांवर संकट आणणे आहे.

काचपात्र ही कणगी आहे, ते शेत नव्हे, हेही विसरता कामा नये. कणगीत बी कितीही जपले, तरी शेतच उरले नाही तर ते पेरावयाचे कोठे? आपल्या गावचा नाला कचऱ्याने भरू न देणे आणि डोहातील पाणी राखणे हे माशांवर प्रेम करणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. पण शेत नापीक झाले असता बीही जवळ नसेल, तर सारेच संपले. म्हणून दुष्काळातही शहाणा शेतकरी पेरणीच्या बियाण्याला हात लावीत नाही. उपाशी राहतो, पण बी राखतो. एल पोतोसीच्या झऱ्यात उद्या पाणी परतले, तर अल्वारेझीला तेथे पुन्हा नेऊन सोडता येईल. मेगुप्सिलॉनला आता कोठून आणणार?