लाल पट्टीचा शिपाई

गेला महिनाभर माझ्या टेबलावर आठ माणसं रांगेत उभी आहेत. बोटाच्या पेराहून जराशी उंच, अंगात अवकाशवीरांचं चिलखत, हातात बंदुका. त्यांच्यापायी या सदराचा मजकूर लांबला आणि संपादकांचे दोन फोन येऊन गेले. तेव्हा या वेळी त्यांच्याबद्दलच लिहितो.

ही माणसं माझ्या नॉटिंगहॅमच्या मामाची. मामा १९८३ साली बडोद्याहून तिकडे गेला तो तिथलाच झाला. नॉटिंगहॅम म्हटलं की आपल्याला रॉबिन हूड आठवतो. पण ज्यांना छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांचं वेड आहे, त्यांच्यासाठी ते गेम्स वर्कशॉपचं गाव. १९८७ मध्ये या कंपनीनं रिक प्रिस्टलीचं 'वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर' हे जाडजूड पुस्तक काढलं. दूरच्या भविष्यातली युद्धं टेबलावर कशी खेळायची, त्याचे नियम त्यात होते. त्याच वर्षी प्लास्टिकच्या तीस अवकाश-सैनिकांचा एक खोका आला. शिरस्त्राणाला पुढे चोचीसारखं टोक, म्हणून जुने खेळाडू त्यांना लाडानं 'बीकी' म्हणतात. डोकं, हात, बंदूक सगळं सुटं, आपण चिकटवायचं. मामानं तो खोका घेतला, वर शिशाचे काही पुतळे घेतले आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी हंब्रोलच्या इनॅमल रंगांनी रंगवत बसला. बरेचसे पुढे हरवले, काही शेजारच्या पोरांनी नेले. उरलेले आठ, सहा प्लास्टिकचे आणि दोन शिशाचे, त्यानं ओकच्या लाकडी पेटीत कापूस घालून गेल्या डिसेंबरात माझ्या हातात ठेवले. त्याचे हात आता कापतात. "चमचा धरवत नाही, ब्रश काय धरणार," म्हणाला. "तू खेळ."

आठ पुतळ्यांत कसली लढाई, असं तुम्ही म्हणाल. मोठ्या युद्धखेळाला शंभर-शंभर पुतळे लागतात हे खरं, पण चकमकीच्या खेळाला मूठभर माणसं पुरतात. एक पुतळा म्हणजे एकच माणूस. तो पळतो, आडोसा घेतो, जखमी होतो. मी निवडला तो जोसेफ मॅककलोचा 'स्टारग्रेव्ह', २०२१ साली आलेला. एक कप्तान, एक उपकप्तान, त्यांच्या हाताखाली जास्तीत जास्त आठ जण आणि वीस बाजूंचा एक फासा. पुतळे कुठल्याही कंपनीचे, कुठल्याही काळातले चालतात. (खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम एच. जी. वेल्सनं १९१३ मध्येच 'लिटल वॉर्स' नावानं छापले होते. परग्रहवासीयांची स्वारी लिहिणारा तोच वेल्स. म्हणजे विज्ञानकथा आणि हा खेळ यांचं नातं जुनंच.)

पेटी उघडल्यावर पहिला धक्का शिशाच्या कप्तानानं दिला. त्याच्या झग्याच्या घडीत पांढरट भुकटी जमली होती. मला वाटलं बुरशी. पण शिशाला बुरशी येत नाही, शिसं कुजतं. लाकडातून, विशेषतः ओकमधून, आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद पेटीत ती शिशाला हळूहळू खाते. संग्रहालयांना हा त्रास चांगला माहीत आहे. म्हणजे मामानं इतक्या हौसेनं जपायला घेतलेली पेटीच त्यांच्या मुळावर आली होती. हे मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तुमच्यापैकी कुणाला असे जुने पुतळे मिळाले तर एवढं पाळा. या कंपनीच्या धातूच्या पुतळ्यांत १९९७च्या सुमारापर्यंत शिसं असे. ती भुकटी विषारी असते. हातमोजे आणि मास्क घाला, कोरडं घासू नका, काम झालं की साबणानं हात धुवा. आणि ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. आमच्याकडे ताईची नऊ वर्षांची मुलगी दिवसभर बागडते, म्हणून शिशाचे दोघे झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आणि डबा कपाटावर, असा नियम केला.

आता मुख्य चूक. इनॅमलचे थर इतके जाड होते की चिलखतावरचे खिळे बुजले होते. जुना रंग काढायची एक घरगुती युक्ती आहे: पाणी न घालता डेटॉलमध्ये पुतळा दिवसभर बुडवून ठेवायचा आणि जुन्या टूथब्रशनं घासायचा. रंग सालीसारखा सुटतो. मात्र घासायचंही डेटॉलमध्येच. रंग निघण्याआधी पाणी लागलं की सगळ्याचा चिकट चिखल होतो आणि तो निघता निघत नाही. मी पाच प्लास्टिकवाले बरणीत टाकले. दुसऱ्या दिवशी खालून राखाडी प्लास्टिक असं लख्ख निघालं की मी फोटो काढून मामाला पाठवला.

रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. जरा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "छान. लाल पट्टीवाले पण काढलेस का रे? ते तुझ्या आईनं रंगवले होते."

१९८९च्या हिवाळ्यात मामीच्या बाळंतपणाला आजी जाणार होती. तिचे गुडघे धरले म्हणून आई गेली, हे मला माहीत होतं. पण तिनं तिथं ब्रश हातात घेतला असेल, हे कधी कानावर आलं नव्हतं. तीन पुतळे तिचे होते. दोन बरणीत गेले. तिसरा केवळ बरणीत जागा नव्हती म्हणून वाचला होता.

मी तो उचलून स्वयंपाकघरात गेलो. आई भेंडी चिरत होती. तिनं चष्मा कपाळावर सरकवून पुतळा डोळ्यांजवळ धरला.

"हा मी रंगवलाय? असेल बाई. चारला अंधार पडायचा तिथं. वहिनी झोपलेली, बाळ झोपलेलं, मोठ्यानं बोलायचं नाही. तुझा मामा एक शिपाई हातात द्यायचा, म्हणायचा रंगव." मग तिनं खांद्यावरून छातीवर उतरणारी पट्टी अंगठ्यानं चाचपली. "ही माझी नेलपॉलिश आहे. लाल रंगाची डबी वाळून गेली होती त्याची."

मी ते दोन धुऊन टाकल्याचं सांगितलं. "मग काय झालं," ती म्हणाली आणि भेंडीकडे वळली. पण पुतळा तिनं लगेच परत दिला नाही. जेवणं होईपर्यंत तो मसाल्याच्या डब्याशेजारी उभा होता.

त्यानंतर पथकाचा रंग मला ठरवावा लागलाच नाही. त्या एकाला हात लावायचा नाही, आणि उरलेल्या सातांनी त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर एकाच तुकडीतलं दिसायचं, एवढंच काम. करायला घेतल्यावर कळलं की नेलपॉलिशचा लाल पकडणं सोपं नाही. अ‍ॅक्रिलिकमधला लाल रंग मुळात कमी झाकतो. सरळ राखाडीवर लावला तर फिका पडतो आणि आपण थरावर थर चढवत मामाचीच चूक करतो. म्हणून आधी पट्टीच्या जागी तपकिरी, त्यावर लालमध्ये तपकिरीचा थेंब आणि निळ्याचं नुसतं बोट लावून दोन पातळ हात. पातळ म्हणजे दुधाइतका. रंग लवकर वाळू नये म्हणून झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा बटर पेपर अंथरतो. दुसऱ्या दिवशीही तोच रंग वापरता येतो. शेवटी फक्त पट्टीवर चकचकीत वार्निश, बाकी अंग मॅट. नेलपॉलिशची चमक त्याशिवाय येत नाही. तिची पट्टी जरा तिरकी आहे. माझ्याही मुद्दाम तिरक्या काढून पाहिल्या, पण नाटकी दिसल्या. पुसून सरळ केल्या.

चिलखताचं काम त्या मानानं पटकन झालं. निळसर राखाडी रंग, खाचांतून गडद पातळ शाई सोडली की खिळे आपोआप उठून दिसतात, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडांवर फिका हात. एक कानमंत्र: प्रायमरचा स्प्रे पावसाळ्यात गच्चीवर मारू नका. बडोद्याच्या जुलैच्या दमट हवेत माझ्या दोघांच्या अंगावर रवाळ थर बसला आणि त्यांची डेटॉलमध्ये दुसरी फेरी झाली. बैठकीवर फेविकॉल आणि गच्चीच्या कोपऱ्यातली चाळलेली वाळू. त्या काळी बैठका हिरव्यागार रंगवत. आईच्या शिपायाची अजून तशी आहे. बाकीच्यांच्या कडा मी हिरव्याच केल्या. आज ते जुनाट दिसतं, दिसू दे.

पहिला सामना मागच्या रविवारी झाला. समोरचं पथक भाचीचं: पुण्याहून मावशीनं दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेले मातीचे मावळे. ते माझ्या माणसांपेक्षा चांगले डोकाभर उंच आहेत, पण नियमात कुठं अडत नाही. महाराजांना चकमकीत उतरवायचं नाही, ते वरून पाहणार, हा नियम तिनंच केला आणि त्यांना पुस्तकांच्या चळतीवर बसवलं. शिशाच्या कप्तानाला हात लावायचा नाही, त्याला मामाच हलवणार, हे तिला आधीच बजावलं होतं.

दुसऱ्याच फेरीत भालाईत मावळ्यानं बिस्किटाच्या पुड्याआडून येऊन लाल पट्टीवाल्याला गाठलं. माझा फासा पडला तीन. "आजीचा माणूस आऊट!" भाची ओरडली आणि मग एकदम गप्प झाली. पडलेला माणूस मेला, जखमी झाला की बरा होऊन पुढच्या सामन्याला येणार, हे सामना संपल्यावर पुन्हा फासा टाकून ठरतं. मोठा आकडा पडला तर वाचतो. सामना मी हरलो. पण फासा टाकायला भाचीनं मला दिला नाही. ती तो घेऊन स्वयंपाकघरात गेली. आईनं पदराला हात पुसले, फासा मुठीत दोनदा खुळखुळवला आणि ओट्यावर टाकला.

सतरा.