होडीतले न बांधलेले सिलिंडर

स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडून लसीकरण, आहार किंवा मुलांचे मोबाइल-वेड यांपैकी एखाद्या विषयावर लेख अपेक्षिला असणार. गेली काही वर्षे मी तेच लिहीत आलो आणि वाचकांनी ते गोड मानून घेतले. यंदाचा विषय आडवाटेचा आहे. मात्र त्याची सुरुवात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पायाच्या अंगठ्यापासून होते, त्यामुळे तो माझ्या अधिकारक्षेत्राबाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

आपण बेळगावकर सुट्टी लागली की आंबोलीचा घाट उतरून मालवण गाठतो. गेल्या हिवाळ्यात आम्हीही गेलो. पुतणीचा मुलगा स्कुबा डायव्हिंगसाठी हट्ट धरून बसला होता. दमा नाही, कान स्वच्छ, वयाची अट पूर्ण. मीच त्याला तपासून होकार दिला. फायबरची लहान होडी, आम्ही आठ माणसे, तांडेल, दोन प्रशिक्षक आणि बाकांच्या मधल्या जागेत उभी केलेली सात सिलिंडरे. त्यांना दोरी नव्हती, खाली चौकट नव्हती. एकमेकांना टेकून ती उभी होती, लग्नाच्या पंगतीत ताटकळलेल्या मंडळींसारखी. मी ती पाहिली. तांडेलाला विचारलेही. तो हसून म्हणाला, ‘‘काय होना नाय हो डॉक्टरानू, रोजचाच आसा.’’ मी गप्प बसलो. सहलीत उपदेशक कोणालाच नको असतो, हे मला घरच्यांनी अनेकदा शिकवले आहे.

किल्ल्याच्या बाजूला वळताना होडी एका लाटेवर आडवी आदळली आणि कडेचे सिलिंडर कलले. पोर अनवाणी होते. अंगठ्याचे नख मुळापासून उखडले आणि टोकाचे हाड मोडले. मुलांमध्ये ही जखम दिसते त्याहून गंभीर असते, हे आपल्याला ठाऊक आहे. नखाच्या मुळाशीच हाडाची वाढीची रेषा असते. तेथे उघडा अस्थिभंग झाला आणि तो ‘नख गेले, येईल परत’ म्हणून पट्टी बांधून सोडला, तर हाडात जंतुसंसर्ग होतो आणि बोट खुंटते. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने त्याच रात्री जखम धुऊन नखाची गादी शिवली, म्हणून आज बोट ठीक आहे. बेळगावपर्यंतच्या त्या प्रवासात गाडीत कोणी मला दोष दिला नाही, हेच मला अधिक लागले.

परतल्यावर मी या नळकांड्यांविषयी मिळेल ते वाचले. पहिली गोष्ट, आपली वृत्तपत्रे त्यांना सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात, ते साफ चूक आहे. त्यात गाळलेली, कोरडी केलेली साधी हवा असते. शुद्ध प्राणवायू घेऊन कोणी ६ मीटरपेक्षा खोल गेला, तर पाण्यातच झटके येण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट वजन आणि दाबाची. सर्वत्र वापरात असलेल्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात सुमारे ११ लिटर पाणी मावते. त्यात २०७ बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा कोंबलेली असते. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो. आपल्या रुग्णालयातल्या प्राणवायूच्या सिलिंडरातही साधारण १५० बारच असतो. भरलेल्या सिलिंडराचे वजन सतराएक किलो भरते. अशी बारा सिलिंडरे म्हणजे दोनशे किलो, तीन धडधाकट माणसे. ही तीन माणसे होडी कलताच त्याच बाजूला धावत सुटली तर काय होईल, याचा विचार करावा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. ती दुर्घटना सिलिंडरांमुळे झाली असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण लहान होडीचा तोल किती नाजूक असतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

लोक भितात ते स्फोटाला. ती भीती मला थोडी चुकीच्या जागी पडलेली वाटते. बारावीतले वायूचे नियम आठवून पाहा. सिलिंडर २७ अंशांवरून ५७ अंशांपर्यंत तापले, तर दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २०७ चा २२८ होतो. चांगले सिलिंडर तपासणीत याहून कितीतरी अधिक दाब सोसते. म्हणून ओल्या गोणपाटाची सावली जरूर करावी, परंतु उन्हाच्या नावाने आरडाओरड करून दोरीकडे दुर्लक्ष करू नये. झडपेवर नांगर किंवा दुसरे सिलिंडर आदळून ती तुटली, तर आतली हवा सुटून सतरा किलोची वस्तू क्षेपणास्त्र होऊ शकते हे खरे. पण असे क्वचित घडते. रोज घडते ते बोटे चेंगरणे, नडगी फुटणे, पाठ धरणे. आणि यांतले बहुतेक दोन हात दोरीने टळण्याजोगे आहे.

व्यवस्था काय असावी? मालवणात सुतारांची वाण नाही. होडीच्या मध्यावर, कण्यालगत, गोल भोके पाडलेली जाड फळी, तिच्याखाली रबरी पायतळ आणि सिलिंडरांच्या खांद्याखालून ताणून बांधलेला रबरी पट्टा, एवढेच पुरे. चौकट नसेल तर सिलिंडर उभे ठेवूच नये. ते आडवे निजवावे, दोन्ही बाजूंनी पाचर लावावी आणि बांधावे. झडप अशा बाजूला असावी की तेथे कोणाचा पाय पडणार नाही. बुडी मारून आलेले रिकामे सिलिंडरही तितकेच जड असते, फक्त आतली अडीच किलो हवा कमी झालेली असते. परतीच्या वाटेवर सर्व जण थकलेले असतात आणि नेमके तेव्हाच ते कोपऱ्यात भिरकावले जाते. किनाऱ्यावर साठवताना ते सावलीत उभे, साखळीने बांधून ठेवावे आणि थोडी हवा आत शिल्लक ठेवावी, म्हणजे दमट खारी हवा शिरत नाही. पोलादी सिलिंडरात ओल राहिली तर गंज चढतो आणि तो गंज आतला प्राणवायूच खातो. वरून भरलेले दिसणारे सिलिंडर त्या वेळी श्वासापुरते उपयोगाचे राहत नाही.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. हवा भरणारा कॉम्प्रेसर धक्क्यावर, डिझेलच्या इंजिनाशेजारी चालू असेल, तर तो धूरही आत ओढतो. कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने हिमोग्लोबिनला चिकटतो आणि खोल पाण्यात दाबाबरोबर त्याची मात्राही वाढते. त्याला वास नसतो. वर आलेल्या मुलाचे डोके दुखले की घरचे म्हणतात, ‘ऊन लागले.’ आपणही तसेच म्हणून पॅरासिटामॉल लिहून देऊ. कृपया यापुढे एक प्रश्न अधिक विचारावा.

काही मित्रांचे म्हणणे असे की, मासळी घटली, तेव्हा कोळ्यांच्या पोरांनी हा नवा उद्योग उभा केला; त्यांच्यामागे नियमांचा ससेमिरा लावू नये. त्यांची कळकळ मला मान्य आहे. तो तांडेल वाईट माणूस नव्हता. मुलाला उचलून धक्क्यावर धावणारा पहिला तोच होता. पण नियम नवे करायचेच नाहीत. गॅस सिलिंडर नियम २०१६ पासून लागू आहेत, त्यांची संघटना नागपुरात आहे आणि दाबचाचणीची तारीख सिलिंडराच्या खांद्यावर कोरलेली असते. ती वाचायला पर्यटकाला परवाना लागत नाही. न बांधलेल्या सिलिंडरांच्या होडीत आम्ही बसणार नाही, असे आठ गिऱ्हाइकांनी सांगितले, तर चौथ्या दिवशी फळी तयार होईल. मी गिऱ्हाईक होतो आणि बसलो.

आता थोडे आपल्या घरचे. मालवणहून आल्यानंतरच्या सोमवारी मी दवाखान्यात शिरलो, तेव्हा कोपऱ्यात काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे आमचे सिलिंडर उभे होते. गेली अठरा वर्षे ते तसेच उभे आहे. साखळी नाही, चौकट नाही. त्याच कोपऱ्यात वजनकाटा आहे आणि मुले तेथेच खेळतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण सर्वांनी सिलिंडरे स्कूटरवर, रिक्षात, मांडीवर घेऊन नेली. तेव्हा इलाज नव्हता. आता आहे, तरी रिक्षात आडवे टाकलेले सिलिंडर आजही दिसते, आणि त्याची झडप तेलकट हातांनी उघडली जाते. प्राणवायू आणि तेल एकत्र आले म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या वॉर्डबॉयला सांगितले आहे? तांडेलाला बोल लावण्याचा अधिकार मला त्या सोमवारी तरी उरला नव्हता.

म्हणून मंडळापुढे माझी मागणी अशी की, वार्षिक सभेतील एक सायंकाळ व्याख्यानाऐवजी यासाठी ठेवावी. सभासदांनी एकमेकांच्या दवाखान्यात जाऊन सिलिंडर कसे उभे आहे ते पाहावे. मुलांना डायव्हिंगसाठी योग्यतेचा दाखला देताना कान आणि छातीबरोबर पालकांना होडीविषयीही दोन शब्द सांगावेत. माझ्याकडे साखळी लागली. खर्च एका रुग्णाच्या तपासणी-शुल्काहून कमी आला.

नख आता निम्मे आले आहे. पोर पुन्हा डायव्हिंगचे नाव काढते आहे. तांडेलाला मी फोन केला होता. फळी केली, असे तो म्हणाला. डिसेंबरात जाऊन पाहणार आहे.