गाडी येईपर्यंतची घटका



फवारणीचे दिवस आले की मला एक जुना प्रसंग आठवतो. नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. कपाशीत फवारणी करणारा एक गडी भोवळ येऊन पडला. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम. आम्ही त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवले आणि तालुक्याचा रस्ता धरला. त्याची मान छातीवर लोंबत होती. वाटेत उलटी झाली, ती श्वासनळीत गेली. गडी वाचला, पण दवाखान्यात महिना काढून. डॉक्टर मला म्हणाले, "साहेब, तुम्ही लवकर आणलेत, पण नीट आणले नाहीत." तो बोल अजून टोचतो.

आजाऱ्याला नेणे हेही एक शास्त्र आहे, हे जगाला उशिराच कळले. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९६७ पूर्वी आजाऱ्याला बहुधा पोलिसांच्या गाडीत घालून नेत. वाटेत उपचार असा नसेच. त्याच शहरात पीटर साफर नावाचे डॉक्टर होते. बेशुद्ध माणसाची मान मागे करून हनुवटी उचलली की श्वासाची वाट मोकळी होते, हे त्यांनी आधीच प्रयोगांनी दाखवून दिले होते. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्यानंतर त्यांनी मनावर घेतले, की उपचार दवाखान्याच्या दारात नव्हे, आजारी पडला तिथेच सुरू झाला पाहिजे.

शास्त्र होते, पण पैसा आणि माणसे कुठली? पैशाची जुळणी मॉरिस फॉक फंड या धर्मादाय निधीच्या पुढाकाराने झाली. माणसे मिळाली ती गरीब वस्तीतली बेकार काळी तरुण मुले. काहींची शाळाही पुरी झाली नव्हती. त्यांना शेकडो तास शिकवून 'फ्रीडम हाऊस' ही सेवा उभी राहिली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी त्यांना आणखी तयार केले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. ज्यांनी वाट पाडली त्यांतले बरेच जण बाहेर फेकले गेले. पण त्यांच्यासोबत घडलेला अभ्यासक्रम पुढे साऱ्या देशाच्या शिक्षणाचा पाया झाला. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची! त्याच १९७५ साली तिथे या कामगारांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

आपल्याकडे १०८ ची सेवा २००५ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या कामाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून जागा दिली. म्हणजे शिक्षणाचे माप ठरणार, नावनोंदणी होणार. गाडीत बसलेला माणूस नुसता हमाल नव्हे, हे कायद्याने मानले.

मात्र गाडी येईपर्यंतची घटका तुमच्या हातात आहे. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा :

१) विषबाधा झाल्यास आधी १०८ फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत. गाव, शिवार आणि ठळक खूण सांगा. एक माणूस फाट्यावर उभा करा.

२) आजाऱ्याला कुशीवर निजवा. मान छातीवर पडू देऊ नका. एक जण जवळच थांबा.

३) हातात रबरी मोजे किंवा पिशव्या घालून औषधाने भिजलेले कपडे काढा. अंग साबण-पाण्याने धुवा.

४) मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, ताक काहीही देऊ नका.

५) औषधाची बाटली चिठ्ठीसकट सोबत द्या. कोणते विष, हे डॉक्टरांना लगेच कळते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने कितीतरी घरे उघडी पडली. तो धडा आपण विसरू नये. येत्या ग्रामसभेत बियाण्या-खतांबरोबर हाही विषय काढा : गाडी गावात कुठवर येते, पावसाळ्यात कुठे अडते, आणि प्रथमोपचार शिकायला गावातली कोणती चार मुले-मुली तयार आहेत? पिट्सबर्गची ती मुलेही अशीच कुणाच्या तरी घरची होती.