माळावरील निळी फुलपाखरे

जत-आटपाडीचा माळ उन्हाळ्यात ओसाड वाटतो. परंतु सकाळी ओढ्याकाठच्या गवतापाशी क्षणभर खाली बसावे. नखाएवढी निळी फुलपाखरे पंख उघडून ऊन घेताना दिसतील. छायाचित्र याच वेळी घ्यावे. आपली सावली मात्र त्यांवर पडू देऊ नये. ऊन चढताच ती पंख मिटतात आणि खालच्या राखी रंगामुळे दिसेनाशी होतात. (मी प्रथम उभ्यानेच शोधीत असे, एकही दिसले नाही!) त्यांतील कित्येकांच्या अळ्या रानटी द्विदल वनस्पतींवर वाढतात, त्यांचा गोड स्राव चाटणाऱ्या मुंग्या त्यांची राखण करतात. एखादी जात शेंगा पोखरते, हे खरे. तथापि नव्या गवताच्या आशेने माळ पेटविण्याची चाल मला मान्य नाही. त्यात अंडी-अळ्यांबरोबर जनावरांचा चाराही जळतो, आणि उघडी माती वळवाच्या सरीने ओढ्यास मिळते. शेतकरी बंधूंनी यंदा निदान अर्धा माळ न पेटविता राखून पाहावा.