मामूंच्या मानेतली जाळी

या अंकासाठी आम्ही परीक्षेच्या ताणाविषयी लिहिणार होतो. ते पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह. गेले दोन महिने आमच्या घरात, फोनवर आणि दस्तरखानावर एकच विषय होता: मामूंच्या मानेत कोणती जाळी बसवायची. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. त्यामुळे समजून घ्यायला वेळ लागला. पण जे समजले ते नीट सांगता येईल असे वाटते.

मामू ६६ वर्षांचे, एस.टी.तून निवृत्त. एका पहाटे फजरची नमाज पढून उठताना त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे वरून काळा पडदा उतरला. पाच-सात मिनिटांत तो आपोआप वर गेला. मामींनी लिंबाचे सरबत दिले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ‘अशक्तपणा’ असे निदान करून टाकले. आठ दिवसांनी त्यांच्या उजव्या हातातून तसबीह गळून पडली. बोलायला गेले तर शब्द सापडेना. अर्ध्या तासात तेही ठीक झाले. मामू म्हणाले, ‘अल्लाहचा शुक्र, टळलं.’ नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या भाचीने मात्र ऐकले नाही. तिने रिक्षा बोलावली आणि त्यांना घेऊनच गेली.

मानेच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवले की जी नाडी लागते, ती कॅरोटिड धमनी. मेंदूला आणि डोळ्याला रक्त नेणारा हा मोठा रस्ता. जबड्याच्या खाली त्याला दोन फाटे फुटतात आणि नेमक्या त्या फाट्यावर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. मामूंची डावी धमनी डॉपलर तपासणीत ८० टक्के अरुंद निघाली. आम्हाला वाटत होते, रस्ता अरुंद झाला म्हणून रक्त कमी पडले. डॉक्टरांनी सांगितले, मुख्य धोका तो नाही. त्या थराचे बारीक कण सुटतात, त्यावर जमलेल्या रक्ताच्या गुठळ्या सुटतात आणि रक्ताबरोबर वर जातात. डोळ्याच्या वाहिनीत अडकल्या तर पडदा, मेंदूत अडकल्या तर हात जातो, वाचा जाते. डाव्या धमनीतला कण डाव्याच डोळ्यात जातो, पण मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो. म्हणून मामूंचा डावा डोळा आणि उजवा हात. कण विरघळला तर माणूस अर्ध्या तासात बरा. नाही विरघळला तर लकवा, ज्याला आपल्या घरांत फालिज म्हणतात. अशा इशाऱ्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. त्यातले आठ दिवस आम्ही सरबतात घालवले होते.

यावरचा जुना उपाय म्हणजे मान उघडून धमनीतला थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया. ती १९५० च्या दशकापासून होते आणि आजही ती मागे पडलेली नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात, इशारा मिळालेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अरुंद धमनीच्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा २६ टक्क्यांना झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्क्यांना. दुसरा उपाय स्टेंटचा. जांघेतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन तिथे धातूची जाळी उघडायची. २०१० साली ‘क्रेस्ट’ या अभ्यासात २५०२ रुग्णांत दोन्हींची तुलना झाली. उपचाराच्या काळात लकवा स्टेंटमध्ये ४.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.३ टक्के. हृदयविकाराचा झटका मात्र उलट: स्टेंटमध्ये १.१, शस्त्रक्रियेत २.३. साधारण सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रिया बरी पडते, हेही त्यात दिसले. तेव्हा ‘चिरफाड नको, जाळी बसवा’ असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. मामूंची चार वर्षांपूर्वी बायपास झाली आहे, हृदय कमजोर आहे. म्हणून डॉक्टरांनी त्यांच्यासाठी स्टेंट योग्य म्हटले.

आणि इथून घरात वाद सुरू झाला.

मामूंचा थोरला मुलगा दम्मामला असतो. त्याने इंटरनेटवर वाचून फोन केला, ‘सगळ्यात नवी, दोन पदरी जाळी बसवा. पैशाचा विचार करू नका. अब्बांना जुना माल नको.’ डॉक्टर मात्र ज्या जाळीचे नाव घेत होते, ती कितीतरी वर्षांपासून वापरात असलेली होती. धाकटा मुलगा कुजबुजला, ‘यांना तीच खपवायची असेल.’ आम्ही कागद-पेन घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी कपाटातून दोन नमुने काढून आमच्या तळहातावर ठेवले.

मानेतली जाळी हृदयातल्या जाळीसारखी फुग्याने फुगवलेली नसते. मान वळते, रुकू-सजद्यात वाकते, बाहेरून दाबली जाते. फुग्याची जाळी तिथे चेपली तर चेपलेलीच राहील. म्हणून मानेत आपोआप उघडणारी आणि दाबली तरी परत आकार घेणारी जाळी घालतात. बहुतेक जाळ्या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या, नितिनॉलच्या असतात.

आता तिच्या घरांकडे पाहा. ‘क्लोज्ड सेल’ प्रकारात प्रत्येक घर शेजारच्या घराला चारी बाजूंनी जोडलेले असते, किंवा वॉलस्टेंटसारखी तारांची घट्ट वीण असते. ‘ओपन सेल’ प्रकारात बरेच सांधे मुद्दाम सोडलेले असतात. फरक किती? वॉलस्टेंटच्या एका घरातली मोकळी जागा सुमारे १ चौरस मिलिमीटर. ॲक्युलिंक या ओपन सेल जाळीत ती ११ च्या वर. स्वयंपाकघरातली मैद्याची चाळण आणि गव्हाची चाळण शेजारी ठेवा, तसे. जाळी धमनीतला थर काढत नाही, त्याला भिंतीशी दाबून धरते. घर मोठे असेल तर त्यातून मऊ थर आत डोकावतो आणि नंतर त्याचे कण सुटू शकतात.

मग सर्वांना बारीक घरांचीच जाळी का नाही? आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही नमुने वाकवून दाखवले. मोकळी जाळी बोटाभोवती वळली. घट्ट जाळी ताठ राहिली. उतारवयात पुष्कळांची धमनी नागमोडी होते. तिथे ताठ जाळी घातली की ती धमनीला सरळ करते आणि वळण वरच्या टोकाला ढकलते; तिथे धमनी मुडपते. शिवाय वळणावर ती भिंतीला नीट टेकत नाही. पाण्याचा पाइप कोपऱ्यावर मुडपला की काय होते ते गच्चीवर टाकी असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आकडे काय सांगतात, हेही आम्ही पाहिले. २००७ साली बेल्जियम व इटलीतील ३१७९ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. जाळी बसवून झाल्यावर पुढे, महिन्याच्या आत उद्भवलेले त्रास क्लोज्ड सेलमध्ये १.३ टक्के, ओपन सेलमध्ये ३.४ टक्के. ज्यांना आधीच इशारा मिळाला होता त्यांच्यात हा फरक जास्त ठळक होता. पण पुढच्याच वर्षी युरोपातील दहा केंद्रांच्या १६८४ रुग्णांत असा कोणताही ठाम फरक आढळला नाही. नंतर तीन मोठ्या चाचण्यांतील १५५७ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा तीस दिवसांतील लकवा किंवा मृत्यू ओपन सेलमध्ये १०.३ टक्के आणि क्लोज्ड सेलमध्ये ६ टक्के निघाला. पारडे घट्ट जाळीकडे झुकते खरे. मात्र या अभ्यासांत कोणाला कोणती जाळी बसवायची याची चिठ्ठी टाकलेली नव्हती, डॉक्टरांनी धमनी पाहून निवडलेली होती. वाकडी, अवघड धमनी असलेल्यांना मोकळी जाळी जास्त मिळाली असेल, तर तिच्या नावावर जास्त अपयश जमा होणारच. कठीण वर्ग ज्या शिक्षकाला मिळतो त्याचा निकाल कमी लागतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. दुसरे असे की, पुढच्या वर्षांत धमनी पुन्हा काहीशी अरुंद होण्याचे प्रमाण घट्ट जाळीत जास्त दिसले आहे.

दम्मामवाल्या भावाची दोन पदरी जाळी म्हणजे या दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न. बाहेरून किंवा आतून अतिशय बारीक जाळीचा आणखी एक पदर. सीगार्ड या स्टेंटमध्ये मोकळ्या, लवचिक सांगाड्यावर पॉलिएस्टर जातीच्या धाग्याची वीण चढवलेली असते आणि तिची छिद्रे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान. सायबेरियात १०० रुग्णांत चिठ्ठ्या टाकून तिची ॲक्युलिंकशी तुलना झाली. मेंदूच्या एमआरआयमध्ये नवे ठिपके तिच्या गटात कमी दिसले. कल्पना चांगली आहे आणि आमच्या मते पुढे हीच चालेल. पण दोन पदरांत धातू किंवा धागा जास्त, म्हणजे रक्त गोठायला जागा जास्त. लकव्याच्या ऐन झटक्यात, गोळ्यांचा असर चढण्याआधी, घाईने बसवलेल्या काही दोन पदरी जाळ्या गुठळीने बंद पडल्याचे अहवाल आहेत.

सगळे ऐकून आम्ही विचारले, ‘मग मामूंना कोणती?’ डॉक्टरांनी सी.टी.ची फिल्म उजेडाला लावली. मामूंची धमनी शाळेतल्या पट्टीसारखी सरळ होती. थर मऊ होता. ‘मऊ थराला बारीक घरं हवीत. धमनी सरळ आहे, म्हणून ताठपणाचा त्रास नाही. आणि ही जाळी माझ्या हाताला सर्वांत जास्त सवयीची आहे. वळण असतं तर मीच नको म्हणालो असतो.’ त्याच आठवड्यात तिथे दाखल असलेल्या, नागमोडी धमनीच्या एका आजोबांना त्यांनी दोन पदरी जाळीच सांगितली होती. खपवण्याचा संशय तिथे गळाला. तुमच्या घरावर अशी वेळ आली तर ‘सगळ्यात भारी कोणती’ हे विचारण्याआधी ‘याच मानेला हीच का, शस्त्रक्रिया का नको आणि तुम्ही आजवर अशा किती केल्या’ एवढे विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

जाळी बसायला तासाभराच्या आत वेळ लागला. मामू जागेच होते. धमनीत वर छत्रीसारखी गाळणी उघडतात, सुटलेले कण तिच्यात अडकतात आणि शेवटी ती मिटून बाहेर काढतात. फुगा फुगवताना त्यांची नाडी एकदम मंदावली. हे होऊ शकते असे आम्हाला आधी सांगितले होते, तरी बाहेर मामी जानमाजवरून उठल्या नाहीत.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या किमान महिनाभर एकही दिवस न चुकवता, त्यानंतर एक कायमची. रमजान अवघ्या तीन आठवड्यांवर होता. मामूंनी पन्नास वर्षांत रोजा सोडलेला नाही. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या सेहरीला घेता येतात, पण इतक्या लवकर अंगातले पाणी कमी होऊ द्यायला मी तयार नाही. मामू गप्प बसले. शेवटी मशिदीतले मौलाना स्वतः घरी आले. आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत ही सवलत सूरह बकरामध्येच आहे, ती घेणे म्हणजे कमजोरी नव्हे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मामूंनी मान हलवली, पण पहिल्या रोज्याला दुपारी जेवायला बसले तेव्हा दार लावून घेतले.

आता त्यांच्या उशाशी गोळ्यांची सात खणांची डबी असते. बुधवारचा खण बुधवारी रात्री रिकामा आहे की नाही, ते मामी पाहतात आणि दम्मामला फोटो पाठवतात.