गाडी पळते की नुसती ओरडते?

आखातात येऊन दोन-तीन वर्षं झाली, पगार जरा स्थिरावला, की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एक विचार डोकावतो: एकदा तरी स्पोर्ट्स कार घ्यावी. ठाण्यात किंवा कोथरूडमध्ये जी फक्त पोस्टरवर पाहिली, ती इथल्या सेकंड हँड बाजारात आवाक्यात असते. मीही घेतली. टोयोटा ८६, मॅन्युअल गिअरची, आधी दोन मालकांच्या हातून गेलेली. २ लिटरचं इंजिन, सुमारे २०० अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, वजन साधारण साडेबाराशे किलो. आणि महिन्याभरात सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. शेख झायेद रोडवर कुणाचं तरी अख्खं कुटुंब घेऊन निघालेली एक लँड क्रूझर शेजारून आरामात पुढे गेली आणि वाटलं, आपली अजून थोडी पळायला हवी.

हा लेख त्या ‘अजून थोडी’बद्दल आहे. तुमच्या खिशात तीन-चार हजार दिरहम असतील तर ते कुठे घालावेत याबद्दल माझं ठाम मत आहे. ते मी आधी पैसे चुकीच्या जागी घालून कमावलं आहे.

ऑगस्टमध्ये मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने मूळ एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा काढून त्या जागी एक चकचकीत उघडा फिल्टर बसवला. बाराशे दिरहम. “दहा-पंधरा घोडे वाढले,” असं त्याने सांगितलं, आणि मीही मान डोलावली. इंजिन आता घसा मोकळा करून ओरडायला लागलं होतं. डिसेंबर उजाडेपर्यंत मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो की फिल्टरने गाडी बदलली. दिवसभर प्रयोगशाळेत ‘कंट्रोल कुठे आहे?’ असं इतरांना विचारणारा मी, आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत एक साधा आकडा मोजला नव्हता.

काय झालं होतं, बघा. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जितका प्राणवायू आत जाईल तितकंच पेट्रोल जाळता येतं. हवेचा दाब तोच असेल तर तिची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ऑगस्टच्या दुपारचे ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन, जानेवारीच्या रात्रीचे १५ अंश म्हणजे २८८. भागाकार केला की कळतं, उन्हाळ्यात हवा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. त्यात आपली किनारपट्टीची दमट रात्र घ्या. तेव्हा हवेतली तीन-चार टक्के जागा पाण्याच्या वाफेनेच अडवलेली असते. म्हणजे बाराशे दिरहमच्या फिल्टरकडून ज्या वाढीचं आश्वासन मिळालं होतं, त्याहून मोठा फरक निव्वळ कॅलेंडरने पाडला होता. फिल्टर बसवला ऑगस्टमध्ये, निकाल काढला डिसेंबरमध्ये. असा प्रबंध माझ्या विद्यार्थ्याने आणला असता तर मी तो पहिल्या पानावरच परत केला असता.

पुढे साठ दिरहमचा एक ब्लूटूथ रीडर घेतला. तो गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचला की आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाईलवर दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात सिग्नलला उभं असताना तो आकडा ७० अंशांकडे सरकत होता. मूळ डबा समोरच्या जाळीतून बाहेरची हवा घेत होता, उघडा फिल्टर इंजिनशेजारची भाजलेली हवा ओढत होता. म्हणजे सिग्नल सुटताना, नेमकी जिथे घाई असते तिथे, माझी गाडी आधीपेक्षा किंचित मंदच झाली असणार.

आता ज्याने माझं मत पक्कं केलं तो हिशेब. गाडी आणि मी मिळून सव्वातेराशे किलो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा येते सुमारे ५१० किलोज्यूल. ही गाडी शंभर गाठायला साधारण साडेसात सेकंद घेते, म्हणजे सरासरी ६८ किलोवॅट. इंजिनाची कमाल शक्ती किती? २०० अश्वशक्ती, म्हणजे १४७ किलोवॅट. पैसे मोजून घेतलेल्या शक्तीतली निम्मीसुद्धा वेगात उतरत नाही! काही भाग गिअरबॉक्सच्या घर्षणात, हवेच्या विरोधात आणि चाकं फिरवण्यात जातो, काही वेळ गिअर बदलण्यात जातो. इंजिन कमाल शक्तीच्या आरपीएमवर असतं तेही थोडाच वेळ. आणि सुरुवातीच्या काही मीटरांत मोठी अडचण इंजिनाची नसतेच, ती टायर आणि डांबराच्या नात्याची असते. इथे गळती थांबवायची सोडून आपण टाकी मोठी करायला निघतो.

टायरचं गणित सरळ आहे. मागच्या चाकांवर गाडीच्या वजनाचा निम्म्याहून थोडा कमी वाटा असतो, निघताना भार मागे सरकतो म्हणून तो थोडा वाढतो. या भाराला घर्षणांकाने गुणलं की जास्तीत जास्त ढकल मिळते. त्यापुढे कितीही शक्ती द्या, चाक जागच्या जागी फिरेल. टोयोटाने ही गाडी कमी वेगातही खेळकर वाटावी म्हणून मुद्दाम अरुंद टायर दिले होते, प्रियस या हायब्रिड गाडीवर मिळणाऱ्या मिशेलिन प्रायमसीच्या घराण्यातले. माझ्या गाडीवर तर आधीच्या मालकाने घातलेले, त्याहून कडक झालेले टायर होते. टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन तुमचाही वाचा. इथल्या उन्हात रबर वयापेक्षा लवकर म्हातारं होतं.

मोजायचं कुठे, याबद्दल एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. पहिल्यांदा मी एका गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर रात्री अकराला मोबाईलवर वेळ लावून पाहिली. तिसऱ्या फेरीला समोर दिवा नसलेली सायकल आली. कामावरून खोलीकडे परतणारा कुणी कामगार. मी थांबलो, मध्ये बरंच अंतर उरलं होतं, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. घरी येऊन हिशेब केला. शून्य ते शंभरला सव्वाशे मीटर लागतात. थांबायला एका सेकंदाच्या प्रतिक्रियेचे २८ आणि ब्रेकचे ४०. मला दिव्यात सायकल दिसली ती जेमतेम ऐंशी मीटरवर असेल. उरलेले दहा-बारा मीटर माझ्या कौशल्याचे नव्हते. त्यानंतर रस्त्यावर कधीही नाही.

अबू धाबीच्या यास मरिना सर्किटवर हिवाळ्याच्या मोसमात ‘यास ड्रॅग नाईट’ असते. तिथे आपली रोजची गाडी घेऊन पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळवता येते. प्रत्येक फेरीनंतर हातात आकड्यांची चिठ्ठी पडते, आणि माझ्या मते ही चिठ्ठी या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. कारण तिच्यात दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं असतात. पहिल्या ६० फुटांची वेळ पकड कशी आहे ते सांगते. शेवटचा वेग मुख्यतः शक्ती आणि वजनाचं गुणोत्तर सांगतो. फिल्टरने खरंच शक्ती वाढवली असेल तर शेवटचा वेग वाढलाच पाहिजे, तिथे आवाजाला मत नाही.

मी एका वेळी एकच बदल केला, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, हवामान शक्य तितकं सारखं. उघड्या फिल्टरसह: ६० फूट २.४३ सेकंद, एकूण १५.८, शेवटचा वेग १४८. मूळ डबा परत बसवून: दशांशापर्यंत तेच आकडे. मग चांगले मऊ टायर, चारांचे मिळून सुमारे दोन हजार दिरहम: ६० फूट २.२१, एकूण १५.५, आणि वेग पुन्हा १४८. बघा, गाडी लवकर पोहोचली पण वेग तोच राहिला, कारण शक्ती वाढलीच नव्हती, फक्त वाया जायची थांबली होती. मग डिकीतला आधीच्या मालकाचा सबवूफर, स्टेपनी, जॅक आणि अर्धी टाकी पेट्रोल उतरवलं, ४५ किलो: १५.४ आणि १४९. पाव मैलाची वेळ वजन आणि शक्तीच्या गुणोत्तराच्या घनमुळाने बदलते, त्यामुळे साडेतीन टक्के वजन गेलं की एखादा टक्का वेळ वाचतो. गणिताशी जुळलं. (स्टेपनी घरी येताना परत ठेवली, तुम्हीही ठेवा. अबू धाबी ते दुबई रस्त्यावर जुलैत पंक्चर झाल्यावर दशांश सेकंद आठवत नाहीत.)

क्लच कसा सोडायचा याचा सराव फुकट असतो आणि त्याचा फायदा कुठल्याही पार्टपेक्षा कमी नाही. रबराची पकड सर्वांत जास्त असते ती थोडं घसरताना, साधारण दहा-पंधरा टक्के. धूर निघतोय म्हणजे ती हद्द केव्हाच ओलांडली. पेट्रोलचं म्हणाल, तर या इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ ला १ आहे, उन्हाळ्यात सुपर ९८ भरण्यात अर्थ आहे. कोरोलात ते भरून काही होत नाही. मागचा डिफरेन्शिअल बदलणं हा त्यामानाने प्रामाणिक उपाय. अमेरिकेत विकलेल्या २०१७ च्या मॅन्युअल ८६ मध्ये टोयोटानेच ४.१ चं गुणोत्तर ४.३ केलं होतं, प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी पाच टक्के जास्त जोर. पण ते माझ्या बजेटबाहेर गेलं.

यावर कुणी म्हणेल, मग ईसीयू ट्यून करून टाक की. करता येतं, काही गाड्यांत, विशेषतः टर्बो असलेल्यांत, फरकही मोठा पडतो. पण इंजिनात बदल करायला इथे परवानगी लागते, मुल्कियाच्या पासिंगला आणि विम्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. दुबईत २०२३ च्या ३० क्रमांकाच्या हुकुमानुसार वेग किंवा आवाज वाढवणारे मोठे बदल केलेली गाडी पकडली तर सोडवायलाच १०,००० दिरहम लागतात. माझ्या पाच संच टायरांचे पैसे.

सुट्टीत महाराष्ट्रात असाल तर लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होत आलेली ‘द व्हॅली रन’ एकदा बघून या. तिथेही लोकांच्या हातात अशाच आकड्यांच्या चिठ्ठ्या असतात.

तो उघडा फिल्टर बाल्कनीत खोक्यात पडून आहे. बायको दर शुक्रवारी विचारते, विकत का नाहीस? जाहिरातीत काय लिहू हे सुचत नाही. ‘आवाज उत्तम येतो’ एवढंच पुराव्यासकट सांगता येईल.