अहवाल कोणाचा, मालक कोण?



वैनगंगा–नळगंगा नदीजोडाचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. पश्चिमेकडचे कापूसवाले भाऊ म्हणतात, पाणी येऊ द्या, बोंडे धरताना पऱ्हाटीला दोन पाणी मिळाले तरी वर्ष निघून जाते. पवनी-लाखांदूरकडचे म्हणतात, धरण आमच्या उरावर, गावे आमची बुडाली, आणि पाणी निघाले बुलढाण्याला. दोघेही खोटे बोलत नाहीत. त्या भांडणात आम्ही आज पडत नाही, कारण त्याच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारीतच नाही. हे आकडे ज्या कागदावर आहेत तो कागद लिहिला कोणी? लिहिणाऱ्याचा मालक कोण? त्याचा वरिष्ठ कोण नेमतो आणि त्याची फी कोण मोजतो?

ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने या जोड प्रकल्पाला मंजुरी दिली. गोसीखुर्दपासून नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटर कालवा, खर्च ८७ हजार ३४२ कोटी रुपये, भिजणारे क्षेत्र ३ लाख ७१ हजार हेक्टर. लाभाचे जिल्हे सहा सांगितले गेले : नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा. ज्या जिल्ह्यातून पाणी उचलायचे त्या भंडाऱ्याचे नाव त्या सहांत नव्हते. हा हिशेब पाटीवर मांडा. एकरी साडेनऊ लाख रुपये पडतात. आमच्या कोरडवाहू भावांपैकी कितीजणांच्या वावराला बाजारात तेवढा भाव मिळेल, ते ज्याचे त्याने ठरवावे.

या प्रकल्पाचा सविस्तर अहवाल केला राष्ट्रीय जल विकास अभिकरणाने. हे अभिकरण १९८२ मध्ये केंद्र सरकारने स्थापन केले ते नद्या जोडण्याचा अभ्यास करण्यासाठीच. सोयरीक जमवण्यासाठी नेमलेल्या मध्यस्थाला मुलगा कसा आहे म्हणून विचारायचे, त्यातला हा प्रकार. तो मुलगा चांगलाच आहे असे सांगणार. मध्यस्थ बेइमान असेलच असे नाही, पण त्याचे पोट सोयरीक जमण्यावर आहे.

आता दिल्लीतल्या घराची रचना बघा. नदीजोडाचा अहवाल लिहिणारे अभिकरण जलशक्ती मंत्रालयाचे. अहवाल तांत्रिकदृष्ट्या तपासणारा केंद्रीय जल आयोग जलशक्ती मंत्रालयाचा. राज्यांना सिंचनाचे अहवाल फी घेऊन लिहून देणारी सल्लागार कंपनी वापकोस, तीही जलशक्ती मंत्रालयाची. आणि बांधकाम करणारी राष्ट्रीय प्रकल्प बांधकाम महामंडळ ही कंपनी २०१९ पासून वापकोसच्या ताब्यात, जवळजवळ ९९ टक्के भाग तिच्याकडे. लिहिणार, तपासणार, सल्ला देणार, बांधणार, सगळे एकाच ओसरीवर जेवायला बसलेले.

आमच्यासारख्या कृषी पदवीधराला हे फार विचित्र वाटते. प्रमाणित बियाण्यात आपल्याकडे असे चालत नाही. बियाणे तयार करून विकणारे महाबीज वेगळे, आणि पिशवीला प्रमाणपत्राची खूण लावणारी राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा वेगळी. दोन्हींची कार्यालये अकोल्यात आहेत, तरी दोन आहेत. जो विकतो त्यानेच उगवणशक्तीचा दाखला द्यायचा नाही, एवढी अक्कल सरकारला ज्वारीच्या पिशवीबाबत सुचली. ८७ हजार कोटींच्या कालव्याबाबत सुचलेली नाही.

वापकोसचा सातबारा थोडा बारकाईने काढू, कारण हे नाव पुढे आपल्याला वारंवार भेटणार आहे. कंपनी १९६९ सालची. मालकी संपूर्ण भारत सरकारची, म्हणजे भोगवटादाराच्या रकान्यात नाव राष्ट्रपतींचे. इतर हक्कात मंत्रालय : संचालक मंडळावर मंत्रालयाचे अधिकारी सरकारचे प्रतिनिधी म्हणून बसतात, आणि अध्यक्ष-व्यवस्थापकीय संचालकाची निवड सार्वजनिक उद्योग निवड मंडळामार्फत होऊन सरकारच्या मंजुरीने नेमणूक होते. धरणे, कालवे, पाणीपुरवठा, वीज यांचे अहवाल करणे हा धंदा. परदेशातही नाव आहे. अफगाणिस्तानात हेरातजवळचे सलमा धरण याच कंपनीने उभे केले आणि २०१६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. कामच येत नाही अशी ही कंपनी नव्हे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

अडचण दुसरीकडे आहे. सरकारी कंपनी असल्यामुळे तिला बरीच कामे निविदा न काढता, नामनिर्देशनाने मिळतात. काम देणारा सरकारी खात्याचा, घेणारा सरकारी कंपनीचा. पुढचे कामही त्याच दारातून यायचे असते. मग "हा प्रकल्प करू नका, पैसे पाण्यात जातील" असे वाक्य त्या अहवालात कोण लिहील? आपला अडत्या तरी बरा, तो दोन्ही बाजूंनी दलाली घेतो हे आपल्याला ठाऊक असते.

या कंपनीचे माजी अध्यक्ष-व्यवस्थापकीय संचालक राजिंदर कुमार गुप्ता यांना मे २०२३ मध्ये सीबीआयने अटक केली. ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता जमवल्याचा आरोप, आणि झडतीत सुमारे ३८ कोटी रुपये रोख सापडल्याचे सीबीआयने जाहीर केले. निवृत्तीनंतर त्यांनी दिल्लीत खासगी सल्लागार धंदा सुरू केला, असेही सीबीआयचे म्हणणे. आरोप सिद्ध करणे कोर्टाचे काम, ते आम्ही आमच्या हातात घेत नाही. एका माणसाच्या नावाने बोटे मोडून आपले काही भागत नाही. सरकारी सल्लागाराच्या खुर्चीवरून उठून खासगी सल्लागाराच्या खुर्चीवर बसायला मध्ये किती दिवस जावेत आणि त्यावर नजर कोणाची, हा मुद्दा त्या खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही.

आता हे सगळे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने का वाचावे? त्यासाठी वैनगंगेच्या काठाने खाली चालत जाऊ. आपली नदी वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. तिथून थोडे खाली, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवर मेडीगड्डा बंधारा आहे. तेलंगणाच्या काळेश्वरम उपसा योजनेचे ते पहिले पाऊल. आधीच्या आंध्र सरकारची योजना वर तुम्मिडीहेट्टीला, वर्धा-वैनगंगा संगमाच्या खाली, पाणी अडवायची होती. तेलंगणा वेगळे झाल्यावर जागा बदलून मेडीगड्डा ठरली आणि सविस्तर अहवाल केला वापकोसने. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत दोन्ही राज्यांचा करार झाला. २१ जून २०१९ ला उद्घाटन झाले तेव्हा आपले मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस पाहुणे म्हणून हजर होते. सिरोंचा तालुक्यातले शेतकरी बुडीत जमिनीच्या मोबदल्यासाठी उपोषणाला बसले, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

२१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी मेडीगड्ड्याचे काही खांब खचले. उद्घाटनाला साडेचार वर्षेही झाली नव्हती. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने पाहणी करून नियोजन, संकल्पन, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल या चारही ठिकाणी दोष असल्याचे सांगितले. हे प्राधिकरणही जलशक्ती मंत्रालयाचेच, तरी त्याने स्पष्ट लिहिले, ही नोंद आम्ही मुद्दाम करतो. आणि बंधाऱ्याचे संकल्पन राज्याच्या अभियंत्यांचे, बांधकाम खासगी ठेकेदाराचे, तेव्हा खांब खचल्याचे सगळे खापर वापकोसवर फोडणे न्यायाचे होणार नाही.

पण अहवालातल्या हिशेबाचे काय? नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा काळेश्वरमवरचा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये तेलंगणाच्या विधानसभेत मांडला गेला. प्रकल्प अहवालात लाभ-व्यय गुणोत्तर दीडच्या आसपास दाखवले होते. लेखापरीक्षकांनी तोच हिशेब पुन्हा केला तेव्हा मूळ खर्चावर ते ०.७५ निघाले आणि वाढलेल्या खर्चावर ०.५२. म्हणजे एक रुपया घालून बावन्न पैसे. खर्च सुमारे ८० हजार कोटींवरून १ लाख ४७ हजार कोटींच्या वर जाईल असेही त्यांनी म्हटले. अहवालाला मंजुरी मिळण्याआधीच हजारो कोटींची कामे वाटून झाली होती, ही त्यांचीच नोंद. काम आधी वाटायचे आणि कारण नंतर लिहून घ्यायचे. वरात निघाल्यावर पत्रिका जुळवायला बसलेल्या भटजीने काय सांगावे?

हे गुणोत्तर शिजते कसे ते समजून घेणे आपल्याला अवघड नाही. यातली निम्मी विद्या शेतकऱ्याचीच आहे. वरच्या बाजूला लाभ : पाणी आल्यावर कोणते पीक येईल, एकरी किती क्विंटल होईल, क्विंटलला भाव किती, त्यातून उत्पादनखर्च वजा, आणि त्यातून आज कोरडवाहूत जे मिळते ते वजा. खालच्या बाजूला वर्षाचा खर्च : भांडवलावरचे व्याज, झीज, देखभाल आणि उपसा असेल तर विजेचे बिल. साधारण गुणोत्तर दीडच्या वर गेले की प्रकल्प पास, दुष्काळी भागात एकावरही चालते. आता सांगा, कापसाचे उत्पन्न एकरी दोन क्विंटल जादा धरले, मजुरी दोन-तीन वर्षांपूर्वीची लावली, बोंडअळी जन्मालाच आली नाही असे समजले, शेवटच्या शिवारापर्यंत पाणी पहिल्या वर्षापासून पोचते असे गृहीत धरले, तर दीड यायला कितीसा वेळ लागतो? विजेचा दर युनिटमागे कमी धरला की उपसा योजनेचे भले होते. हे सगळे एका माणसाने कार्यालयात बसून करायचे असते आणि त्याला खोटा कागदही करावा लागत नाही. प्रत्येक ठिकाणी थोडे मालकाच्या बाजूला झुकले की पुरते.

आपल्याच दारात गोसीखुर्द आहे. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला पायाभरणी केली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. २०२५ मध्ये सुधारित मान्यता मिळाली ती जवळपास २६ हजार कोटींची. मधल्या काळात विदर्भातल्या सिंचनाच्या कामांवर वडनेरे समिती झाली, मेंढेगिरी समिती झाली, चितळे पथकाचा अहवाल २०१४ मध्ये आला. समित्यांनी किंमतवाढ मोजली, निविदा मोजल्या. पहिला ३७२ कोटींचा अंदाज ज्यांनी केला आणि त्यानंतरचे प्रत्येक सुधारित अंदाज ज्यांनी तपासून बरोबर म्हणून सही केली, त्यांची नावे गावात कोणाला माहीत आहेत? ठेकेदारांची नावे मात्र पोरासोरांनाही पाठ.

कोणी म्हणेल, सरकारी कंपनी अशी असेल तर खासगी सल्लागार घ्या. घेऊन झाले आहे. आंध्र प्रदेशाच्या सरकारने १९९९ मध्ये 'व्हिजन २०२०' हा दस्तऐवज मॅकिन्झी या अमेरिकी कंपनीच्या मदतीने केला. त्या कंपनीची मालकी तिच्याच भागीदारांकडे असते. तिचे भाग बाजारात नाहीत, आणि विधानसभेत तिला प्रश्न विचारण्याची सोयही नाही. वापकोसचे भाग विकायला काढण्यासाठी सरकारने २०२२ मध्ये सेबीकडे कागद दिले होते, ती विक्री पुढे झाली नाही. आमच्या मते मालक बदलल्याने सल्ला सुधारत नाही. फी देणारा आणि प्रकल्प हवा असणारा एकच असेल तर खासगी आणि सरकारी यांत फरक एवढाच की सरकारी कंपनीचे दप्तर आपल्याला उघडता येते.

ते उघडावे, एवढेच या लेखात मागणे आहे. राष्ट्रीय जल विकास अभिकरण, वापकोस, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ ही तिन्ही माहिती अधिकार कायदा २००५ खाली सार्वजनिक प्राधिकरणे आहेत. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. तालुका सभेत प्रत्येक तालुक्याने एक अर्ज तयार करावा. वैनगंगा–नळगंगासाठी मोजणी, भूगर्भ तपासणी, पर्यावरण अहवाल, कालव्याचे संकल्पन, बांधकामावरील देखरेख ही कामे कोणकोणत्या संस्थेला दिली, निविदेने की नामनिर्देशनाने, आणि किती फी ठरली, हे विचारावे. एकाच संस्थेकडे किंवा तिच्या पोटकंपनीकडे अहवाल आणि बांधकाम दोन्ही आहेत काय, हे वेगळ्या ओळीत विचारावे. लाभ-व्यय गुणोत्तराचा पूर्ण तक्ता मागावा, नुसता शेवटचा आकडा नको. त्यात कापूस, तूर, ज्वारी, धान यांचे धरलेले उत्पन्न, भाव आणि मजुरी दिसली पाहिजे. सविस्तर अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी.

पवनी, लाखांदूर, साकोली आणि पश्चिमेकडून येणारे कापूसवाले भाऊ, सगळ्यांनी जिल्हा बैठकीला येताना मागच्या तीन हंगामांचा आपापला पेरा, उतारा आणि मिळालेला भाव कागदावर लिहून आणावा. विक्रीच्या पावत्या असतील तर त्याही आणाव्यात. तक्ता आला की आपले आकडे त्यातल्या आकड्यांशेजारी मांडून बघू.